वाळूत सापडलेला नट

नट बुटाखाली आला तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. फौंड्रीत नॉकआउटखालची वाळू काळी, कोमट आणि पायाला मऊ लागते. तिच्यात एकदम काही टणक लागलं की मेंटेनन्सवाल्याच्या पोटात गोळा येतो. वाकून उचलला. एम-२० चा, म्हणजे वीस मिलिमीटर जाडीच्या बोल्टचा नट, आतले आटे घासून घासून आरशासारखे चकचकीत झालेले. तो कुठून पडला हे कुणाला विचारायची गरज नव्हती. वर व्हायब्रेटर मोटर होती, मोटरीला चार बोल्ट होते, आणि त्यातला एक आता नुसताच भोकात उभा होता.

ज्यांनी नॉकआउट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ओतकाम झालं, धातू गोठला, की साचा एका जाड लोखंडी जाळीवर येऊन पडतो. जाळी थडथडते, वाळू फुटून खाली गळते आणि लालसर तापलेलं कास्टिंग वर उरतं. ही थडथड यावी म्हणून मोटरीच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना मुद्दाम एका बाजूला जड केलेली वजनं बसवतात. बाकीच्या कारखान्यात माणसं मोटर बॅलन्स व्हावी म्हणून धडपडतात, इथे ती बॅलन्स नसावी म्हणून पैसे मोजतात. आमची मोटर मिनिटाला ९६० फेरे घ्यायची. म्हणजे तासाला ५७,६०० हिसके, आठ तासांच्या पाळीत साडेचार लाखांवर. त्या चार बोल्टांनी एवढे हिसके खायचे आणि जागचं हलायचं नाही, अशी आमची अपेक्षा.

बोल्ट ती पुरी करत नव्हते. दर तीन-चार दिवसांनी सैल. आम्ही आवळायचो. पान्याला चार फुटी पाईप लावायचा, दोघांनी लोंबकळायचं, बोल्टने ‘कुईं’ केलं की समाधान मानायचं. आमचे बापू, तीस वर्षं फिटर, त्यांचं निदान ठरलेलं होतं. “सायेब, स्प्रिंग वायसर एकच हाय. दोन घाला.” दोन घातले. तरी सैल. मग तीन घालावेत का यावर चहाच्या टपरीवर गंभीर चर्चा झाल्याचं मला आठवतं. त्या चर्चेत मीही होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

मी इचलकरंजीचा. आमचे आण्णा यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर: कामगार माग चालवतो, जॉबर तो चालता ठेवतो. साध्या मागावर मिनिटाला शंभर-सव्वाशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकला जातो आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या टोकाला आपटून थांबवला जातो. चोवीस मागांच्या शेडमध्ये उभं राहिलं की छातीच्या फासळ्या वाजतात. अशा शेडमध्ये नट सैल होणं ही बातमी नसते, हवामान असतं. आण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी दिसलं नाही, रिंग पाना मात्र कायम. चालता चालता ते मागावर हात ठेवायचे, जणू म्हशीच्या पाठीवर ठेवतोय, आणि पुढे जायचे. एखाद्या ठिकाणी हात थांबायचा. मग पाना निघायचा.

त्यांची एक युक्ती मी लहानपणी पाहिलेली. जो नट फारच त्रास देई त्याच्या बोल्टच्या आट्यांत ते मागावरचंच सूत दोन-तीन वेढे गुंडाळायचे आणि त्यावरून नट चढवायचे. नट जड फिरायचा, पण बसला की बसला. पुढे पॉलिटेक्निकला नायलॉक नट पाहिला, आत निळी-पांढरी नायलॉनची कडी असलेला, तेव्हा मला हसू आलं होतं. कंपनीने आण्णांचं सूत नटाच्या पोटात घालून विकायला काढलं होतं. फरक इतकाच की नायलॉन साधारण १२० अंशांपर्यंत टिकतं आणि आमच्या नॉकआउटवर त्याचं काय होईल ते सांगायला नको.

तर फौंड्रीत नटाचं ते प्रकरण चालू असतानाच एक बोल्ट तुटला. सैल होऊन पडणं वेगळं आणि तुटणं वेगळं, असं तोवर मी समजत होतो. तुटलेला तुकडा धुऊन उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकात एक रेषा. उरलेला भाग खरबरीत, दाणेदार. याचा अर्थ कुठल्याही फिटरला कळतो: बोल्ट एका झटक्यात तुटलेला नाही. रोज थोडा थोडा चिरत गेला आणि शेवटी उरलेल्या तुकड्याने हात टेकले. आमच्या ऑफिसात मात्र ‘माल हलका’ असा शेरा पडला. ८.८ ग्रेड काढून त्याहून मजबूत १२.९ ग्रेडचे बोल्ट आणले, काळे, भारी, महाग. तेही त्याच पद्धतीने सैल झाले आणि त्यातला एक तसाच तुटला.

मग मी वाचायला बसलो. हे आधीच करायला हवं होतं. पण मेंटेनन्समध्ये वाचायला बसलेला माणूस रिकामा दिसतो, ही आपल्याकडची जुनी अडचण.

पहिला धक्का असा बसला की आपण बोल्ट ‘आवळतो’ हा शब्दच फसवा आहे. बोल्ट आवळायचा नसतो, ताणायचा असतो. बोल्ट म्हणजे फार कडक रबरबँड. नट फिरवला की तो लांबतो आणि परत आखडायच्या धडपडीत दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. एम-२० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट नीट ताणला तर एकटा ११ टनांच्या आसपास दाब देतो. आणि लांबतो किती? आमच्या मोटरीचा पाय आणि खालची प्लेट मिळून जाडी होती ४० मिलिमीटर. हिशोब केला तर ९ शतांश मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढं. सगळा खेळ त्या एका केसावर.

आता त्या केसाचे वाटेकरी बघा. मोटरीच्या पायाखाली रंग, प्लेटवर रंग, दर दिवाळीला मारलेला नवा रंग त्याच्यावर. खाली पत्र्याचे मऊ वायसर. दाबाखाली आणि थरथरीखाली हे सगळं बसतं, दबतं, चेचतं. ३ शतांश मिलिमीटर जरी बसलं तरी केसाचा तिसरा हिस्सा गेला, म्हणजे दाबाचाही तिसरा हिस्सा गेला. नट इथवर एक अंशसुद्धा फिरलेला नाही बरं का. आमच्या पाईपवाल्या आवळण्यावरही विसंबायची सोय नव्हती. पान्यावर लावलेल्या जोरातल्या रुपयातले साधारण पन्नास पैसे नटाच्या बुडाखालच्या घर्षणात जातात, चाळीस आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्ट ताणायच्या वाट्याला येतात जेमतेम दहा. बोल्ट गंजका असला की घर्षण वाढतं आणि त्या दहाचे पाच होतात. ‘कुईं’ आवाज बोल्ट ताणल्याचा नव्हताच, घर्षणाचा होता. तीन महिने आम्ही घर्षणाला दाद देत होतो.

पण नट उलटा फिरतो का, हा प्रश्न राहतोच. एम-२० च्या आट्यांचा उतार फक्त अडीच अंश. घर्षण इतकं की उतार आठ अंशांचा असता तरी नट घसरला नसता. मग कोण फिरवतं त्याला? रात्रपाळीत कोणी पाना घेऊन येतं का?

याचं उत्तर १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनियरने मांडलं. तोवर बहुतेकांची समजूत अशी की बोल्टच्या लांबीच्या दिशेने ताण-सैल, ताण-सैल झाल्याने नट ढिला पडतो. युंकरने यंत्र बनवून दाखवलं की खरा चोर आडवा आहे. दाबून धरलेले दोन भाग बोल्टला काटकोनात, एकमेकांवर थोडे जरी पुढे-मागे घसरले, तरी काही शे झटक्यांत ताण शून्यावर येतो आणि नट आपला आपण फिरतो.

असं का, हे समजायला मला यंत्र नाही लागलं, बायकोची अंगठी लागली. बोटात अडकलेली अंगठी सरळ ओढून निघत नाही. मग आपण काय करतो? ती गोल फिरवत फिरवत ओढतो, आणि ती येते. घर्षण काही कमी झालेलं नसतं, पण ते घसरण्याच्या दिशेविरुद्धच उभं राहू शकतं. फिरवण्याला विरोध करण्यात ते गुंतलं की ओढण्याकडे बघायला त्याला फुरसत नसते. नटाचं हेच. आट्यांचा अडीच अंशांचा उतार त्याला सदासर्वदा खाली बोलावत असतो. घर्षण आडवं येतं म्हणून तो थांबलेला असतो. जोड बाजूला घसरला, आटेही बाजूला घसरले, की त्या क्षणापुरतं घर्षण तिकडे अडकतं आणि नट उतारावरून इवलासा सरकतो. एका हिसक्यात नजरेला न दिसणारं. पण हिसके साडेचार लाख.

पाळीच्या रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूवर मी हिशोब मांडला. चार बोल्ट, प्रत्येकी ११ टन, एकूण ४४. घर्षणाचा गुणक ०.१५ धरला तर आडव्या धक्क्याला अडवायची ताकद साडेसहा टनांच्या वर. मोटरीच्या पाटीवर धक्क्याचा आकडा होता साडेतीन टन. म्हणजे बोल्ट नीट ताणलेले असतील तर जोड घसरणारच नाही, आणि जोड घसरला नाही तर नट फिरायला कारणच नाही. पण ताण निम्मा असेल तर? ३.३ टन. साडेतीनला दोन दशांश कमी. आमचं दुखणं त्या दोन दशांशात बसलेलं होतं. बोल्ट तुटायचं कारणही तेच. ताणलेल्या जोडातल्या बोल्टला हिसक्यातला थोडासाच वाटा सोसावा लागतो, बाकीचा दाबलेले पत्रे घेतात. सैल जोडातल्या बोल्टच्या अंगावर सगळा हिसका येतो. १२.९ चा बोल्ट आणून आम्ही आजारी माणसाला महागडा शर्ट घातला होता.

आता बापूंच्या स्प्रिंग वायसरबद्दल. हा विषय काढला की आजही काही कारखान्यांत भांडणं लागतात, तेव्हा जरा जपून लिहितो. स्प्रिंग वायसर एका बाजूने कापलेला, वळलेला असतो. तो नटाला वर ढकलत राहील आणि त्याची धारदार कड नटात रुतेल, अशी कल्पना. पण त्याला चपटा करायला जेवढा जोर लागतो तो बोल्टच्या ११ टनांपुढे किस झाड की पत्ती. नट पुरता बसायच्या कितीतरी आधी तो चपटा होतो आणि पुढे साधा वायसर म्हणूनच जगतो. नासाने १९९० मध्ये काढलेल्या फास्टनरच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की पूर्ण आवळल्यावर त्याची लॉक करायची क्षमता उरत नाही. जर्मनांनी त्याचं प्रमाणमानक, डीआयएन १२७, मागे घेतलं. युंकरच्या यंत्रावर तर तो काही वेळा नुसत्या नटापेक्षाही लवकर हार मानतो. हे सगळं मी बापूंना सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “मग तीस वर्षं जे टिकलं ते कशानं टिकलं?” प्रश्न चोख होता. टिकलं ते ताणाने, वायसर तिथे फक्त हजर होता. पण त्यांच्या तोंडावर हे बोलायला मला दोन आठवडे लागले.

दुरुस्ती सांगायला गेलं तर फार सरळ होती आणि कुणालाच आवडली नाही. मोटर उतरवली. पायाचा आणि प्लेटचा रंग खरवडून दोन्ही तोंडं मशिनवर सपाट करून घेतली. “नवा रंग कशाला काढतोय?” असं दोघातिघांनी विचारलं. मग प्रत्येक बोल्टखाली ६० मिलिमीटर उंचीचे जाड नळीचे बुश बसवले आणि तेवढे लांब बोल्ट घेतले. हे स्टोअरच्या माणसाला कळेना: छोट्या बोल्टने काम होत असताना लांब कशाला? कारण ४० ऐवजी १०० मिलिमीटर पकड झाली की तोच बोल्ट केसाएवढा न ताणता अडीच केस ताणतो. पुढे ३ शतांश बसलं तरी जातो तो सातवा हिस्सा, तिसरा नाही. लांब बोल्ट अंग राखून असतो. मऊ वायसर फेकून कडक वायसर घेतले. आट्यांना तेलाचं बोट लावलं. पाईप बाजूला ठेवून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर आला की टक्‌ वाजणाऱ्या पान्याने, ४०० न्यूटन-मीटरला, समोरासमोरचे बोल्ट जोडीने, दोन टप्प्यांत आवळले. आणि एक पाळी चालवून पुन्हा. हे ‘पुन्हा’ फार महत्त्वाचं, कारण जे काही बसायचं असतं त्यातलं बरंचसं पहिल्या काही तासांत बसून घेतं.

एवढं झाल्यावर मग लॉकिंग. क्रम हाच. आपल्याकडे लोक लॉकिंगपासून सुरुवात करतात.

चिकटद्रव्याची गंमत सांगायलाच हवी. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात व्हर्नन क्रीबल नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. १९५३ मध्ये त्यांनी हवा असेपर्यंत पातळ राहणारं आणि आट्यांच्या फटीत, धातूला लागून, हवा तुटली की घट्ट होणारं द्रव्य बाजारायोग्य केलं. तेच लॉकटाइट. त्याला बाटलीतही हवा लागते, म्हणून बाटली अर्धीच भरलेली असते. आमच्या स्टोअरकीपरने पहिल्या खेपेला पुरवठादाराला फोन करून “पैसे पूर्ण घेता आणि माल अर्धा देता?” म्हणून चांगलाच झापला होता. निळं साध्या पान्याने सुटतं, लालला बहुधा आग दाखवावी लागते. आणि आटे तेलकट असतील तर चांगलं धरत नाही. आमच्या जागी तेलही होतं आणि उष्णताही, म्हणून ते बाद झालं.

आम्ही पाचर-वायसर घेतले. दोन चकत्यांची जोडी, आतल्या बाजूंना पायऱ्यांसारखे उतार, बाहेरच्या बाजूंना दात. या पायऱ्यांचा उतार आट्यांच्या उतारापेक्षा मुद्दाम जास्त ठेवलेला. नट उलटा फिरायला गेला तर चकत्या एकमेकींवर चढतात, आणि नट जेवढा उतरतो त्याहून चकत्या वर येतात. परिणामी सुटायला निघालेला नट बोल्ट आणखी ताणतो.

पाचर ही गोष्ट तशी आपल्या ओळखीची. कुदळीचा दांडा, कुऱ्हाडीचा दांडा, सगळं पाचरेवर. जपानमध्ये ओसाकाच्या कात्सुहिको वाकाबायाशी यांना सुमियोशी मंदिराच्या लाकडी तोरणात ठोकलेली पाचर दिसली आणि त्यांनी तीच नटात आणली: खालचा नट किंचित तिरक्या उंचवट्याचा, वरचा त्यात घट्ट बसणारा. बुलेट ट्रेनमध्ये ते नट वापरले जातात. साध्या चेकनटमध्येही, म्हणजे एका नटावर दुसरा आवळतात तिथेही, दोनच नट असतात, पण तिथे बहुतेक जण उलटं करतात. पातळ नट खाली, जाड नट वर, हा खरा क्रम. जाड वर, कारण शेवटी भार त्याच्यावर येतो. मी सांगितल्यावर चार जणांनी “असं कसं दिसेल ते?” म्हणून पुन्हा उलटं केलं.

रूळावरची माणसं या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी. आपल्या रेल्वेत कीमन, म्हणजे रूळ तपासणारा कामगार, रोज आपला टप्पा चालत जातो, खांद्यावर हातोडा आणि पाना. रूळ धरणाऱ्या चाव्या, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट, सगळं बघत. गाडी त्याच्या शेजारून जाते आणि आपण खिडकीतून त्याला पाहून न पाहिल्यासारखं करतो. इंग्लंडमध्ये ग्रेरिग इथे २३ फेब्रुवारी २००७ ला एक वेगवान गाडी सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवायच्या जागी, घसरली. सांध्याच्या पट्ट्या जागेवर धरणारे बोल्ट सुटत गेले होते. पाच दिवस आधी ठरलेली तिथली पाहणी झाली नव्हती. एका बाईंचा जीव गेला. मोठमोठ्या यंत्रांची मोडतोड बऱ्याचदा अशा चार-आठ आण्यांच्या वस्तूपासून सुरू होते.

आमचे बोल्ट राहिले. पहिला आठवडा मी रोज जाऊन बघायचो, नवीन बाळ श्वास घेतंय का बघतात तसा. नटावरून प्लेटवर पांढऱ्या रंगाची एक रेष ओढली होती, फिरला तर रेष तुटावी म्हणून. अर्थात रेष सरळ आहे एवढ्यावरून ताण आहे असं म्हणता येत नाही, न फिरताही ताण जातोच. म्हणून महिन्यातून एकदा टॉर्क रेंच लागतोच. बापू आता रेंचचा आकडा स्वतः लावतात. स्प्रिंग वायसरची उरलेली पेटी मात्र त्यांनी कपाटात जपून ठेवली आहे.

त्या वर्षी खंडेनवमीला आण्णांना कारखाना दाखवायला नेलं. मशिनी धुतलेल्या, हार घातलेले, नॉकआउटवर हळद-कुंकू. त्यांनी वाळूच्या यंत्राला नमस्कार केला आणि बापूंच्या हातातला छोटा हातोडा मागून घेतला. चारही बोल्टांच्या डोक्यावर एकेक टिचकी. टण. टण. टण. तिसऱ्यानंतर थोडं थांबून चौथा. टण.

“ह्यो जरा वायला वाजतोय,” म्हणाले.

मला तरी चारही सारखेच ऐकू आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मशिन सुरू करायच्या आधी, कोणाला न सांगता, रेंच घेऊन गेलो. पांढरी रेष कुंकवाखाली सरळच होती. ४०० वर लावून ओढलं. तीन बोल्टांवर लगेच टक्‌ झालं. चौथा अर्धा इंच फिरला, आणि मग.